हुप्प्याचं दहावं

हिर्डोशीच्या वरची वाडी
९ मे २०२४

इंद्रजित,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची सवय आहे, पण या वेळी हात आखडला. तू माझा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या सार्थकच्या फोनवर लावला, तर मागून तुझा आवाज ऐकू येत असताना पोरगं म्हणतं, "बाबा मीटिंगमध्ये आहेत, आत्या." मग पत्र. वेल्ह्याच्या शाळेत जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. घरच्या पत्त्यावर टाकलं तर रद्दीत जाईल, म्हणून कापूरहोळच्या ऑफिसवर टाकते आहे. तिथली माणसं आधी फोडून वाचतील आणि मालकाला एक बहीण आहे हे त्यांनाही कळेल.

काल आपल्या राईत जेसीबी आला.

भोरच्या कचेरीत हक्कसोडीवर मी सही केली तो दिवस आठव. बाहेर आल्यावर तू मला भेळ खाऊ घातलीस. घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, "राईचं काय?" तू तिच्या पायाला हात लावून म्हणालास, "आये, राईला हात लावला तर झडंल माझा हात." काल जो हात लागला तो लोखंडाचा होता, त्यामुळे झडला नाही. तू हुशार आहेसच.

बंगल्यांच्या प्लॉटना रस्ता काढण्यासाठी त्यांनी कड्यापासून राईपर्यंतची जांभळांची रांग आडवी केली. वानरं कड्यावर बसून बघत होती. एरवी बिबट्या दिसला तरी टोळीचा म्होरक्या हुप्प्या खाकरून सगळं रान उठवतो, काल तोही गप्प होता. मला मात्र गप्प बसवत नाही.

आई फाल्गुनात गेली तेव्हा तू बँकॉकला होतास, जमिनीच्या एजंट लोकांच्या सहलीला. मी अग्नी दिला. तू उगवलास तेराव्याला. गाडीतून उतरलास तेव्हा डोक्यावरचे केस जागच्या जागी, मिशी जागच्या जागी. आपल्या मारुतीच्या सोनबा गुरवानं विचारलं, तर म्हणालास, "ऑफिसात बरं दिसत नाही." पुरणपोळी मात्र दोनदा मागून घेतलीस. तेव्हा मूग गिळून बसले, कारण घरात पाहुणे होते. आता घरात कुणी नाही.

मी शाप देणार नाही. शाप देऊन नुसतं मन मोकळं होतं, समोरच्याचं काही बिघडत नाही. मला तुझं बिघडवायचं आहे. राई विकली जाऊ देणार नाही आणि तुझं उट्टं काढल्याशिवाय राहणार नाही.

सुलक्षणा


हिर्डोशीच्या वरची वाडी
२२ जून २०२४

इंद्रजित,

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या ऑफिसातला इरशाद घेऊन आला, आणि सोबत तारेची भेंडोळी. बिचाऱ्यानं चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायला आणि मान खाली घालून निरोप सांगितला. "साहेब म्हनले, ताईंना सांग, वानरं हायती ती. रान काय एकच हाय का? कुठंबी जातील."

मी विचारलं, "तुला काय वाटतं, इरशाद?"

"मला वाटून काय उपेग, ताई? मी पगारी मानूस." जाताना मात्र म्हणाला, "माझी अम्मी म्हनती, मुक्या जनावराचं घर मोडू नये." तुझ्या पगारी माणसाला जेवढं कळतं तेवढं तुला कळलं असतं तर मला हा कागद लागला नसता.

कुठंही जातील म्हणतोस, तर कुठं ते ऐक. दोन हिवाळे झाले, पुण्याची शेफाली नावाची एक मुलगी वानरं मोजायला इथं येते. आपल्याकडेच उतरते. तिनं कोंढाळकर आळीपासून घाटाच्या तोंडापर्यंत सगळं पालथं घातलं आहे. आपल्या लहानपणी तीन टोळ्या होत्या, तुला आठवत असेल. एक धरणाचं पाणी चढल्यावर पलीकडेच अडकली आणि पांगली. दुसरी रस्त्याला लागली, हॉटेलांच्या मागं उष्टं खाते, गाड्यांखाली मरते. रानात राहणारी ही एकच उरली, आणि ती उरली कारण तिला कडाही आहे आणि राईही आहे. रात्री निजायला कडा, दिवसा खायला राईतले उंबर, हिरड्याचा कोवळा पाला, करंबूची फळं. दोन्हींच्या मध्ये ती जांभळं होती. शेफाली म्हणते, फांदीला फांदी लागलेली असली की वानर जमिनीवर पाय ठेवत नाही. तू नेमकी ती फांदी तोडलीस.

आता ती काय करतात माहीत आहे? रस्त्याच्या कडेला लाइटचे खांब आहेत. तारेवरून येतात. पिल्लं पोटाला धरून तारेवरून येतात आणि मी खाली डोळे मिटून उभी राहते. काही माझ्या घराच्या पत्र्यावर उतरतात. परवा दोडक्याचा वेल खाऊन टाकला. मी काठी उगारली आणि खाली टाकली. ज्याच्यावर उगारायची तो कापूरहोळला एसीत बसला आहे.

इरशादनं दुसऱ्या दिवशी राईतल्या तुझ्या प्लॉटभोवती विजेचा झटका देणारी तार ओढून दिली. लाल रंगाची पाटी लावली, "धोका". खरं आहे ते. पाटीवर तुझं नाव घालायला हवं होतं.

सुलक्षणा


हिर्डोशीच्या वरची वाडी
१८ जुलै २०२४

इंद्रजित,

निरोप तुला पोचला आहेच, तरी लेखी असावं म्हणून.

काल दुपारी टोळीतला मोठा हुप्प्या तुझ्या तारेखाली मरून पडलेला सापडला. गोरख शेळ्या घेऊन गेला होता, त्याला दिसला. हाताची कातडी जळून काळी झाली होती. सगळी वाडी लावणीतून चिखलाच्या पायांनी उठून आली. बायका रडल्या. मीही रडले.

तू म्हणे सोनबाला फोन करून सांगितलंस की झटका मशीननं कुणी मरत नाही, कंपनीचा कागद आहे. सोनबानं फोन स्पीकरवर टाकला होता. तो म्हणाला, "मशीननं मरत न्हाई हे खरं. पन रातचं मशीन सोडून मेनलाइनचा आकडा टाकला का न्हाई, हे आमी कुठं बघितलं?" यावर तू फोन ठेवलास. असा फोन ठेवला की लोक काय समजतात हे मी तुला सांगायला नको.

रात्री मारुतीपुढं गाव बसलं. काहीजण म्हणाले, वनखात्याला कळवू, केस होऊ दे. सोनबा म्हणाला, केस झाली तर इंद्रजित वकील करील आणि सुटंल. त्यापेक्षा रीत हाय ती करायची. रीत तुला ठाऊक आहे. ज्याच्या जागेत वानर मरतं, त्याला ते घरचं माणूस. जिथं पडलं तिथंच बसवून पुरायचं, वर समाधी बांधायची, आणि जागेच्या मालकानं दहावं करायचं.

म्हणजे डोक्यावरचे केस, इंद्रजित. आणि मिशी.

आलास तर गाव कुठं बोलणार नाही. नाही आलास तर सकाळच्या एसटीनं चारजण भोरला वनखात्याकडे जातील. जन्मदात्या आईसाठी जे डोकं खाली झालं नाही, ते एका वानरासाठी वाडीसमोर खाली झालेलं मला बघायचं आहे. आणि समाधी झाली की त्या जागेला कुदळ कोण लावतो तेही बघायचं आहे. बंगल्याच्या दारात थडगं कुणाला हवं असतं?

हुप्प्याला आज पुरलं. नवं धोतर मी दिलं, बाबांसाठी घेतलेलं पेटीत तसंच होतं.

दहाव्याला न्हावी हिर्डोशीहून येणार आहे. साबण घेऊन येऊ नकोस, आम्ही देऊ.

सुलक्षणा


हिर्डोशीच्या वरची वाडी
२७ जुलै २०२४

इंद्रजित,

काल तू गेलास तेव्हापासून जेवले नाही. सगळं लिहून काढते.

तू आलास. मला वाटलं होतं इरशादला पाठवशील. आलास, दगडावर बसलास, न्हाव्यानं वस्तरा लावला. मी मुद्दाम समोर उभी राहिले. मला वाटलं होतं, हसू येईल. तू डोळे मिटले होतेस आणि कानामागून पाणी ओघळत होतं, आणि तुझं डोकं अगदी बाबांसारखं दिसायला लागलं. मला त्याचाही राग आला.

मग तुझं गिऱ्हाईक आलं, पांढरे बूट आणि हातात हार. मी मनात म्हटलं, बघ रे बाबा, बघ समाधी, आणि पळ. त्यानं हार घातला, हात जोडले आणि तुझ्या कानाशी लागला. मी दोन हातांवर होते. "समाधी राहू द्या साहेब. दगडी चौथरा करू, घंटा लावू. देवस्थान असलं की प्लॉट लवकर उठतात." आणि तू मान हलवलीस.

केलं सवरलं सगळं पाण्यात गेलं होतं. मी ज्याच्या जिवावर तुला अडवणार होते, त्याला तो जाहिरातीत घालणार होता. तुझं डोकं भादरून मला काय मिळालं होतं? चार महिन्यांत तुझे केस येणार होते आणि राईतले उंबर जाणार होते.

पिंड ठेवला. कावळे पलीकडे बांबूवर बसले होते, येईनात. सोनबा म्हणाला, "कायतरी मागनं हाय त्याचं. बोला, मालक." तू म्हणालास, "समाधीवर शेड घालतो." नाही. "दर शनिवारी चणे-फुटाणे ठेवतो." नाही. पाऊस भुरभुरत होता. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. तेव्हा सोनबा बोलून गेला, "तुमच्या आयेच्या, अंबूबाईंच्या टायमालाबी असंच झालं हुतं. शेवटाला दर्भाचा कावळा करावा लागला."

तुझं तोंड मी पाहिलं. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. जपून ठेवलं होतं, कधीतरी वर्मी मारायला.

आईच्या दहाव्याला मी नीरेच्या काठावर सकाळपासून दुपारपर्यंत हात जोडून उभी होते. तुझी काळजी घेईन म्हटलं, राई जपीन म्हटलं, इंद्रजित येईल म्हटलं. एकही कावळा खाली उतरला नाही. जिची मी वर्षभर कूस बदलली, केस विंचरले, जिला चमच्यानं पेज भरवली, तिनं माझ्या हातचा घास घेतला नाही. गवताचा कावळा करून शिवायला लावला, आणि लोक आंघोळ करून घरी गेले.

काल तू चिखलात गुडघे टेकलेस. कित्येक वर्षांनी तुझ्या तोंडून वाडीची बोली ऐकली. "आये, म्या चुकलो. तुझ्या टायमाला आलो न्हाई. राई न्हाई इकत, आये."

आणि कावळा आला. पिंडावर बसला, दोनदा चोच मारली, भात घेऊन गेला.

सगळ्यांनी हात जोडले. तू पोरासारखा रडलास. गिऱ्हाइकाला म्हणालास, "हितला यवहार मोडला समजा. माझ्या आईनं सांगितलंय." सोनबानं तुला पोटाशी धरलं. वाडीतली प्रत्येक बाई पदरानं डोळे पुसत होती आणि मी कुंपणाच्या खांबाला धरून उभी होते. राई वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, दगड उचलून तुझ्या त्या गुळगुळीत डोक्यात घालावा. इतकी वर्षं पाठ फिरवायची, आणि एका वाक्यात आई मिळवायची?

म्हणून आता ऐक.

हुप्प्या तुझ्या जागेत मेला नाही. तो रस्त्यावरच्या लाइटच्या डीपीजवळ मेला, तारेवरून येताना, दुपारी, सगळे लावणीत असताना. माझ्या डोळ्यांसमोर पडला. हाऱ्यात घालून, वर भाताच्या रोपांच्या पेंढ्या टाकून, मी त्याला डोक्यावरून राईत नेला. तांदळाची गोणी याहून जड असते, तीही वाहिली आहे. तुझ्या तारेखाली ठेवला आणि जळलेला हात तारेकडे करून ठेवला. मग घरी येऊन हात धुतले आणि गोरखच्या शेळ्या तिकडे जायची वाट बघत बसले. तुझी मशीन कुणाला मारत नाही हे मला इरशादनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तरीही तूच मारलास त्याला. जांभळं असती तर तो तारेवर चढला नसता. मी फक्त त्याला ज्याच्या दारात पडायला हवं होतं तिथं नेऊन ठेवला.

आणि कावळ्याचंही ऐक. पिंडाच्या वरच्या उंबरात सगळी टोळी बसून होती. वानरं बसली असली की कावळे भाताला येत नाहीत, हिसकावून घेतात ती. शेफालीनं सांगितलं होतं, टोळीचा हुप्प्या मेला की बाहेरचे नर चढून येतात. काल तेच झालं. तू "आये" म्हणालास त्याच वेळी कड्यावरून परका नर खाकरला. माद्या पिल्लं उचलून पळाल्या. झाड मोकळं झालं आणि कावळा उतरला. एवढंच आहे ते. तुझ्या रडण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि आईशी तर नाहीच. तो परका नर नेमका त्याच क्षणी का खाकरला, असं मला विचारू नकोस. मी स्वतःलाही विचारलेलं नाही.

हे वाचून तुझं तोंड कसं होईल ते मी दिवसभर डोळ्यांसमोर आणते आहे. फार बरं वाटतं. वानराच्या नावानं फसवलं, आईच्या नावानं फसलास, आणि हे सांगणारी तुझी बहीण.

आणि मग काय करशील, तेही दिसतं. हे पत्र घेऊन सोनबाकडे जाशील. म्हणशील, बघा. समाधी उचलून डीपीजवळ नेतील. तू मोकळा होशील. आईचं सांगणं नव्हतंच म्हटल्यावर दिलेल्या शब्दाचं ओझं राहणार नाही. पांढऱ्या बुटांचा माणूस परत येईल.

मी लिहायची थांबून बाहेर जाऊन आले. दोन माद्या पोरं छातीशी धरून स्वयंपाकघराच्या पत्र्यावर बसल्या आहेत. नवा हुप्प्या आधीच्याची पिल्लं ठेवत नाही. एक काल संध्याकाळी मारलं त्यानं, राईच्या कडेला पडलं होतं. शेफालीचा फोन आला होता. म्हणाली, "काकू, रान राहिलं तर माद्या जागा राखतील, एक-दोन वर्षांत नवी पिल्लं होतील. रान गेलं तर ही टोळी पण रस्त्यावर जाईल." मी म्हटलं, रान राहिलं आहे. ती किंचाळली आनंदानं.

राईला आता ना समाधी राखते आहे ना मी. तुझ्या डोक्यात आईनं ऐकलं असं बसलं आहे, तेवढंच काय ते कुंपण. ते मी तोडलं तर तुझ्या जेसीबीत आणि माझ्यात फरक काय राहिला, असं मोठं वाक्य लिहिणार होते. तसलं काही नाही. मला तोडायचंच आहे. हात शिवशिवतो आहे. फक्त वर पत्र्यावर नखांचा आवाज येतो आहे.

हे पत्र चुलीत घालते.


हिर्डोशीच्या वरची वाडी
२८ जुलै २०२४

इंद्रजित,

सार्थकनं कळवलं की तू नीट पोचलास आणि तुला ताप आहे. डोकं ओलं होतं, टोपी घालायला हवी होती. पातळ भात खा.

तार आणि खांब इरशादला काढून न्यायला सांग. कड्यापासून राईपर्यंत जांभळाची रोपं लावायची आहेत, पाऊस आहे तोवर लागतील. मोठी व्हायला आपलं आयुष्य पुरायचं नाही, पण लावू. तोवर दोन्ही बाजूंच्या झाडांना जाड दोर बांधला तरी वानरं त्यावरून जातात, असं शेफाली म्हणते. तो तू आण.

तू निघताना मला विचारलंस, "ताई, खरंच आईच होती का गं?" मी काही बोलले नाही, तू गाडीत बसलास. तुझ्या मनाला ते लागलं असेल.

आईच होती. तिनं तुझ्या हातचं घेतलं. मी शेजारीच उभी होते, मी पाहिलं.

ताई